चारला निघून चारला

"चारला निघतं आणि चारला पोचतं? यामे, हे तिकीट खोटं आहे."

हेलसिंकीच्या विमानतळावर रांगेत उभं राहून मी हे म्हणाले, आणि जरा मोठ्यानंच म्हणाले. पुढचा उंच माणूस मागं वळून बघायला लागला. माझ्या लेकीनं, यामिनीनं, माझ्या हातातला कागद काढून घेतला.

"आई, हळू. लोक बघतायत."

"बघू देत की. त्यांनाही सांग. माणूस चारला बसला आणि चारलाच उतरला, तर मधे होता कुठं?"

"विमानात होता. हेलसिंकीचं घड्याळ स्टॉकहोमच्या एक तास पुढं असतं. प्रवासही एकाच तासाचा. म्हणून चारला निघून चारला. सकाळपासून तिसऱ्यांदा सांगतेय."

"म्हणजे अख्खा समुद्र ओलांडायचा, आणि वेळ लागायचाच नाही?"

"लागतो गं. नुसता दिसत नाही."

"आणि तुला परत यायला?"

"सहा दहाला निघणार, आठ दहाला पोचणार. दोन तास."

"जायला शून्य आणि यायला दोन तास! बघ, घड्याळालासुद्धा तुझं परत येणं पटलेलं नाही."

यामिनीनं माझ्याकडं असं बघितलं की तिचे वडीलच आठवले. ते मिरजेला रेल्वेत गार्ड होते. त्यांना सगळे अण्णा म्हणत, मीसुद्धा. त्यांच्या मालगाडीला एकदा वाघ आडवा आला, अण्णांनी लाल झेंडी दाखवली तसा तो जागच्या जागी थांबला, आणि हिरवी दाखवल्यावर निघून गेला, ही गोष्ट आमच्या आळीत प्रत्येक पोराला पाठ आहे. मीच सांगितलेली. मी सांगत असले की अण्णा शेजारी बसून सुपारी कातरत राहायचे. खरं का खोटं, कुणी विचारलंच तर म्हणायचे, "झेंडी माझीच होती."

ही सगळी हकिगत आठ वर्षांपूर्वीची. तेव्हा मी अडुसष्ट वर्षांची होते, गुडघे माझं ऐकत होते. लेक हेलसिंकीला, मुलगा श्रीरंग स्टॉकहोमला. मधे चारशे किलोमीटर, म्हणजे रस्त्यानं मिरज ते मुंबई धरा. आणि या एवढ्याशा अंतरावर राहून बहीणभावांनी पाच वर्षं एकमेकांचं तोंड बघितलं नव्हतं.

अण्णा गेले तेव्हा रंगा मिरजेतच होता, आजारपणात आला होता. यामिनीला संध्याकाळी सातला कळवलं. मिळेल त्या विमानानं निघाली, दुसऱ्या दिवशी बाराला पुण्यात उतरली, तिथून गाडी केली. पाच वाजून पाच मिनिटांनी दारात उतरली, तर अंगणात रांगोळी विस्कटलेली, आणि घरात बायका न्हाऊन ओल्या केसांनी बसलेल्या. अण्णांना चारला नेलं होतं.

ती रडली नाही. स्मशानातून रंगा परत आला, तेव्हा त्याला एवढंच म्हणाली, "एक तास थांबला नाहीस." रंगा काही बोलला नाही. त्यानंतर दोघांत शब्द नाही. फोन दोघांचेही यायचे, पण मला. मिरजेत बसून मी यामिनीला रंगाची तब्येत सांगायची आणि रंगाला यामिनीची.

मग रंगाला मुलगी झाली. बाराव्या दिवशी बारसं व्हायचं, तर हा अडून बसला. म्हणे, नाव आत्यानं ठेवायचं असतं. पोरीच्या कानात आत्याच 'कुर्र' करणार, नाहीतर पोर बिननावाची राहील. सूनबाईंनी समजावलं, मी समजावलं. ऐकेना. बहिणीला स्वतः फोन मात्र करेना. इकडं यामिनीला सांगितलं तर ती म्हणाली, "मग राहू दे बिननावाची." दोघंही अण्णांवर गेलेले, त्यांना लाल झेंडी दाखवणारं कुणी उरलं नव्हतं. असे अकरा आठवडे गेले. तिथल्या सरकारी कागदांवर तीन महिन्यांच्या आत नाव द्यावं लागतं. शेवटी रंगानं दिवस धरला. बाराव्या आठवड्यातला रविवार, सकाळी अकराला बारसं. आत्या आली तर आत्या, नाही तर बघू.

मी जूनमध्ये आधी यामिनीकडं आले होते. तीन आठवडे तिच्याकडं, मग बारशाला रंगाकडं. तिला एक गोष्ट सांगायची असं ठरवूनच मिरज सोडलं होतं. रोज सकाळी चहा गाळताना वाटायचं, आता सांगते. तोंड उघडलं की भलतीच काहीतरी गोष्ट बाहेर पडायची. वाघ, नाहीतर भूत, नाहीतर आमच्या आत्तेसासूचा पोपट, जो गाड्यांच्या वेळा सांगायचा. यामिनी हसायची. तीन आठवडे असे गेले.

"शनिवारी तुला विमानात बसवून देते," यामिनी म्हणाली. "पलीकडं तो घेईल. एका तासाचा तर प्रवास. तुला काही होत नाही."

मग मला हरवणं भाग पडलं.

गुरुवारी सकाळी ट्रामनं कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाते म्हणाले आणि उतरलेच नाही. थेट बंदरावर गेले. तिथं बाजार भरतो, मटारच्या कोवळ्या शेंगा मापानं विकतात. एक मोठं पुडकं घेऊन मी समुद्राकडं तोंड करून तीन तास शेंगा खात बसले. बसले म्हणजे काय, दर पाच मिनिटांनी उठत होते. फोन बंद ठेवला होता. घरी गेले तेव्हा यामिनी पांढरीफटक पडली होती.

"कुठं होतीस?"

"काय सांगू! चुकून जहाजात चढले गं. ते रशियाला निघालं होतं. कप्तानाला मी मिरजेचं नाव सांगितलं, त्यानं जहाज मागं वळवलं."

"आई!"

जावई, जयंतराव, दारात उभे होते. ते माझ्या पदराला चिकटलेलं मटारचं साल बघून म्हणाले, "आई, रशियात मटार चांगला मिळतो वाटतं." पण बायकोला म्हणाले, "यामिनी, त्यांना एकटं पाठवणं मला काही बरोबर वाटत नाही." हुशार माणूस.

यामिनीनं त्याच दिवशी दोन तिकिटं काढली. माझं जायचं, तिचं जायचं-यायचं. मला बजावलं, "तुला दारापर्यंत सोडणार. दाराबाहेर तो असेल. मी दाराच्या आत थांबणार. तो तुला घेऊन गेला की बाहेर येऊन परतीच्या विमानात बसणार. बारशाचा विषय काढायचा नाही."

"नाही काढत," मी म्हणाले.

तर आम्ही अशा त्या रांगेत होतो. बॅग दिली. हातातली पिशवी यंत्रातून गेली, आणि तिथल्या बाईनं ती बाजूला काढली. आत डबा. डब्यात भिजवून, निथळून, फडक्यात बांधलेले हरभरे. बारशाला घुगऱ्या नकोत? तिकडं वेळेवर कोण भिजवणार?

बाईनं फडकं सोडलं. हरभऱ्यांना मोड आले होते.

"हे काय आहे, विचारतेय ती," यामिनी म्हणाली.

"सांग, नातीच्या बारशाच्या घुगऱ्या आहेत. सांग, आत्या नाव ठेवते, आणि ठेवताना बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. आणि मग सगळ्यांनी ह्या खायच्या."

"मी नाही सांगणार."

"मग ती बॉम्ब समजेल."

यामिनीनं सांगितलं. किती सांगितलं कुणास ठाऊक, पण ती बाई हसली, यामिनीकडं बोट करून काहीतरी विचारलं. यामिनीचे कान लाल झाले. तिनं मान हलवली, आणि डबा घाईनं पिशवीत कोंबला.

"काय विचारलं तिनं?"

"काही नाही. चल."

"आत्या तूच का, असंच ना?"

"आई, चल म्हटलं ना!"

विमानाच्या दारापाशी आम्ही पाऊण तास आधी पोचलो. यामिनी खुर्चीत बसली. मी खिडकीपर्यंत गेले, परत आले. पाण्याच्या नळापर्यंत गेले, परत आले. अण्णांचं घड्याळ मी हातात घालते, ते मिरजेच्याच वेळेवर चालतं. सव्वासहा. भिंतीवर पावणेचार. परत खिडकीपर्यंत गेले.

"आई, बस की गं जरा."

"बसवत नाही."

"तुला कधी बसवलंय?" ती सहज म्हणाली, फोनमधून डोकं वर न काढता.

मी तिथंच उभी राहिले. खरं तर तेव्हाच सांगायचं. तोंड उघडलं आणि म्हणाले, "त्या पोपटाचं तुला सांगितलं का, त्यानं एकदा महालक्ष्मी एक्स्प्रेस थांबवली?"

"दोनदा सांगितलंस."

विमानात ती खिडकीशी, मी मधे, आणि माझ्या पलीकडं एक भलामोठा गोरा माणूस. तो बसल्याबसल्या झोपला. आता उठून फेऱ्या मारायचीही सोय नाही. विमान हललं तेव्हा अण्णांच्या घड्याळात साडेसहा. वर गेल्यावर खाली बघितलं, तर समुद्रात बेटंच बेटं, कुणाच्या हातून परात सांडावी तशी. मी पट्टा सोडला, लावला. पुन्हा सोडला. हवाई सुंदरी येऊन लावून गेली.

"घाबरलीस का?" यामिनीनं विचारलं.

"यामे."

"हं."

"अण्णांना नेलं त्या दिवशी..."

"नको आई." ती खिडकीबाहेर बघत राहिली.

"ऐक तरी. तू पुण्याहून फोन केला होतास. पाचपर्यंत पोचते म्हणून."

"हो. तुझ्याच फोनवर केला होता. त्यानंच उचलला. म्हणाला, ये, थांबतो. मला माहीत आहे सगळं. तोंडानं थांबतो म्हणाला आणि थांबला नाही."

"तो थांबला होता. सगळी माणसं तुझ्यासाठी थांबली होती. चारला मी त्याच्याकडं गेले आणि सांगितलं, यामीचा परत फोन आला. कराडजवळ गाडी बंद पडलीय, रात्रीशिवाय पोचत नाही, थांबू नका म्हणतेय."

यामिनीनं मान वळवली.

"माझी गाडी कुठं बंद पडली होती?"

"नव्हती पडली."

"मी परत फोन केलाच नव्हता."

"नव्हता केलास."

ती माझ्याकडं बघत राहिली. आणि मग काय केलं असेल? हसली. पण हसू बरं नव्हतं.

"कमाल आहे तुझी. वाघ झाला, जहाज झालं, आता ही. मी बारशाला यावं म्हणून ना? त्याला सोडवण्यासाठी स्वतःवर घेतेस. चांगली रचलीयस. तीन आठवडे हीच रचत होतीस का?"

"थाप नाही यामे."

"कशावरून?"

काय सांगणार? जन्मभर खोटं सांगितलं तेव्हा प्रत्येक गोष्टीला माझ्याकडं पुरावा असायचा. वाघाच्या नखाचा ओरखडा म्हणून मी दाराची फळी दाखवायची. ह्या गोष्टीला काहीच नव्हतं.

"बरं, तू म्हणतेस तसंच झालं समजू," ती म्हणाली. "मग मी त्याला बोलले तेव्हा तो का नाही म्हणाला, की तूच थांबू नका म्हणालीस म्हणून? एवढं बोलायला काय झालं होतं त्याला?"

"ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. मी दाराआड उभी होते. वाटलं, आता तो बोलणार आणि मी उघडी पडणार. तो बोललाच नाही. आणि मग मीही..."

"आणि का? का करशील तू असं?"

पलीकडचा माणूस घोरायला लागला होता. मी पिशवीतला डबा मांडीवर घेतला, दोन्ही हातांनी धरला.

"बसवेना गं."

"काय?"

"संध्याकाळी सातपासून मी त्यांच्याजवळ बसले होते. दुसऱ्या दिवशी चारपर्यंत. एकवीस तास. घर माणसांनी भरलेलं, आणि मला एक शब्द सुचत नव्हता. चाळीस वर्षं मी बोलले आणि त्यांनी सुपारी कातरली. अडकित्ता खिडकीत होता, त्यांनी ठेवला तसाच, उघडा. सगळे म्हणत होते, पोरगी पोचेल तासाभरात. मी त्या अडकित्त्याकडं बघितलं आणि वाटलं, अजून एक तास हे बघितलं तर मी ओरडत रस्त्यावर जाईन. एकवीस तास बसले यामे. बाविसावा नाही बसवला. तुला त्यांचं तोंडसुद्धा बघू दिलं नाही मी, एका तासासाठी."

हवाई सुंदरी निळ्या बोरांचं सरबत घेऊन आली. यामिनीनं तिचा पेला घेतला आणि हातात धरून ठेवला. प्यायली नाही.

"अडकित्ता उघडा होता," पेल्याकडं बघत ती म्हणाली.

"हो."

"मी आले तेव्हाही उघडाच होता. मी मिटवला."

त्यापुढं ती बोलली नाही. विमान उतरेपर्यंत नाही, उतरल्यावर नाही. मी दोनदा हाक मारली. तिनं फक्त माझा पट्टा सोडून दिला.

स्टॉकहोमच्या भिंतीवर चार वाजून दोन मिनिटं झाली होती. अण्णांच्या घड्याळात साडेसात वाजून गेलेले.

पट्ट्यावरून बॅग आली. यामिनीनं उचलून गाडीवर ठेवली, आणि डबा नीट बघून पिशवी माझ्या हातात दिली. समोर दुधी काचेचं सरकतं दार होतं. कुणी गेलं की उघडायचं, मग मिटायचं.

"जा," ती म्हणाली. "सरळ आहे."

"तू?"

"मी सांगितलं होतं. दारापर्यंत."

"यामे, माझ्यावर चीड. हवं तर जन्मभर चीड. पण त्या पोरीला..."

"आई, जा."

मी गेले. काय करणार! दार उघडलं, माझ्यामागं मिटलं. समोर कठड्याला टेकून रंगा उभा. पाच वर्षांत कानांवरचे केस पिकले होते. शेजारी बाबागाडी, तिच्यात पांढऱ्या टोपऱ्यातलं एवढंसं तोंड, गाढ झोपलेलं. सूनबाई घरी पाळणा सजवत होती.

तो वाकून पाया पडला आणि माझ्या खांद्यावरून मागं बघायला लागला. दार उघडलं. दोन मुली बाहेर आल्या. दार मिटलं.

"एकटीच?"

"हो."

"ताई सोडायला येणार म्हणाली होतीस."

"आलीय. आत उभी आहे. तू मला घेऊन गेलास की बाहेर येणार."

"अच्छा." त्यानं बॅगेची गाडी धरली. ढकलली मात्र नाही. दार उघडलं, एक म्हातारा आला. दार मिटलं. "मग जायचं का आपण?"

"रंगा, मी तिला सांगितलं."

"काय?"

"त्या दिवशी तिचा दुसरा फोन आलाच नव्हता. मी खोटं सांगितलं होतं तुला."

रंगा वाकला आणि पोरीचं दुपटं सारखं करायला लागला. सारखंच होतं ते.

"मला माहीत आहे," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"तेव्हापासूनच."

"कसं शक्य आहे?"

"आई, तुझा फोन सकाळपासून माझ्या खिशात होता. सगळ्यांचे फोन मीच घेत होतो. तू येऊन म्हणालीस, यामीचा फोन आला, तेव्हाही तो माझ्या खिशातच होता."

माझ्या हातातली पिशवी मी गाडीवर ठेवली. ठेवली की पडली, आठवत नाही.

"मग तरी अण्णांना का उचललंस?"

हे मी नाही विचारलं. दार उघडं होतं, आणि दारात यामिनी उभी होती. तिच्यामागून येणारी माणसं तिला वळसा घालून जात होती. तिनं किती ऐकलं होतं मला ठाऊक नाही. पुरेसं ऐकलं होतं.

रंगा सरळ झाला. बहिणीकडं न बघता म्हणाला, "ताई, ती सकाळपासून वीस वेळा उंबऱ्यापर्यंत जाऊन आली होती. अनवाणी. तिच्याकडं बघवत नव्हतं गं. अण्णा थांबले असते. त्यांना थांबायची सवय होती. हिला नाही थांबवलं असतं."

"आणि मला का नाही सांगितलंस?"

"सांगून काय झालं असतं? तू आईवर चिडली असतीस. तिला तर तिथंच, त्याच घरात राहायचं होतं, एकटीला. माझ्यावर चिडलीस ते बरं झालं. मी काय, लांब होतो."

"लांब?" यामिनीचा आवाज चढला. "गाढवा, एका तासावर होतास!"

"घड्याळात बघितलं तर तेवढाही नाही," मी म्हणाले.

"तू गप्प बस!" दोघं एकदम ओरडले.

पाच वर्षांत दोघांनी मिळून केलेली ती पहिली गोष्ट. मी गप्प बसले.

यामिनी तरातरा पुढं आली आणि तिनं रंगाच्या पाठीत असा गुद्दा घातला, की कठड्यापलीकडचा टॅक्सीवाला पुढं धावला. दुसरा घातला. तिसरा घालायला हात उचलला आणि तो तसाच रंगाच्या खांद्यावर राहिला. रंगा खाली मान घालून मार खात होता. लहानपणी कैऱ्या चोरल्यावर खायचा, अगदी तसाच.

त्या आवाजानं पोर जागी झाली. तिनं भोकाड पसरलं.

"बघ, उठवलीस," रंगा नाक पुसत म्हणाला.

यामिनी बाबागाडीवर वाकली. पोरीनं रडता रडता तिची माळ पकडली. यामिनीनं टोपरं जरा बाजूला सारलं, कान बघितला, आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "उजवा की डावा?"

"अगं, उद्या आहे बारसं! पाळणा नाही, बायका नाहीत..."

"उजवा की डावा, आई?"

"उजवा."

तिनं पोरीच्या कानाशी तोंड नेलं. "कुर्र..." एवढं मला ऐकू आलं. पुढचं नाही. रंगा तिच्या शेजारीच वाकला होता. त्यानं रीतसर तिच्या पाठीत दोन धपाटे घातले, मागचं उट्टं काढल्यासारखे. बायका नव्हत्या म्हणून काय झालं! पोर रडायची थांबली.

मी दोघांच्या मधे डोकं घालत म्हणाले, "काय ठेवलंस? मला ऐकू नाही आलं."

यामिनी सरळ झाली. डोळे पुसले. आणि बघितलं माझ्याकडं, पुन्हा अण्णांसारखंच.

"उद्या कळेल."

"उद्या? मी आजी आहे तिची!"

"उद्या अकरा वाजता. पाळण्यासमोर, सगळ्यांबरोबर. तोपर्यंत थांबायचं, आई. आणि फेऱ्या मारायच्या नाहीत. बसून थांबायचं."

"रंगा, तुला कळलं का रे?"

"कळलं की."

"मग सांग."

"सांगितलं असतं," रंगा गाडी ढकलत म्हणाला, "पण कराडजवळ बंद पडलोय."

यामिनी हसली. या खेपेला खरं हसली, आणि हसता हसता तिचा चेहरा वाकडा झाला, तशी तिनं बाबागाडीची मूठ रंगाच्या हातातून घेतली आणि पुढं चालायला लागली.

सहा दहाचं विमान तिच्याशिवाय गेलं. जयंतरावांना तिनं फोन केला, तर ते म्हणाले, मी गुरुवारीच तुझी साडी आईंच्या बॅगेत तळाला ठेवलीय. मी म्हटलं ना, हुशार माणूस.

रंगाच्या घरी पाळण्याजवळ एक लाकडी खुर्ची होती. मी तिच्यात बसले. जूनमध्ये तिकडं रात्र अशी होतच नाही, खिडकीत उजेड तसाच राहतो. आत स्वयंपाकघरात बहीणभाऊ कुकरमध्ये हरभरे घालत होते, मिठावरून भांडत होते. मधे बराच वेळ कुणाचाच आवाज आला नाही, मग नळ सोडल्याचा आला. मला उठून बघावंसं वाटत होतं. पायाचे अंगठे आपोआप हलत होते. सूनबाई दोनदा येऊन म्हणाली, "आई, आडव्या तरी व्हा." मी नको म्हटलं.

त्या दिवशीचं मी नातीला सांगते तेव्हा ती चारला निघून चारला पोचलेल्या विमानावर विश्वास ठेवत नाही. म्हणते, आजी, हे तुझ्या वाघासारखं आहे. नसू दे विश्वास. पण तिचं नाव ऐकायला मी विमानतळावर साडेचारला थांबायला लागले आणि दुसऱ्या दिवशी अकराला पाळण्यासमोर ऐकलं. साडेअठरा तास. गाडीत बसून, मग खुर्चीत बसून. यात एक मिनिटही माझ्या पदरचं नाही.